दहापैकी नऊ

लग्नात, तेरवीत, वास्तुपूजेत, कुठंही गेलो की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस विचारतोच, "आपण काय करत होते?" मी सांगतो, "मोठ्या दवाखान्यात होतो." "अच्छा, डॉक्टरसाहेब!" म्हणून तो लगेच गुडघा पुढे करतो. "नाही हो, डॉक्टर नाही. स्टॅटिस्टिक्स. आकडेवारी." गुडघा परत जागेवर जातो. "म्हणजे जनगणना का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता नुसतं "हो" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो.

त्यामुळे आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, बाई, वाचणार कोण? त्या म्हणाल्या, डॉक्टरांच्या आठवणी दर वर्षी छापतो, लोक कंटाळले. म्हणजे लोकांचा कंटाळा घालवायला माझी नेमणूक झाली आहे. बघा बुवा.

काम तसं सांगण्यासारखं साधं होतं. डॉक्टर झालेल्या मुलांना पुढची पदवी घ्यायची तर एक प्रबंध लिहावा लागतो. पेशंट तपासायचे, माहिती गोळा करायची, तिच्यातून काही निघतं का ते पाहायचं. माहिती गोळा करणं त्यांचं काम, आणि निघतं का ते पाहणं माझं. मुलं माझ्याकडे यायची ती प्रबंध जमा करायच्या आठवड्यात, धापा टाकत, हातात पेन ड्राइव्ह. "सर, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या." झेरॉक्सच्या दुकानात "दोन कॉप्या" सांगावं तसं. पी व्हॅल्यू म्हणजे, आपल्याला दिसलेला फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकला असता का, याचा अंदाज. ती ठरावीक रेषेच्या खाली आली की मुलं खूश. वर गेली की घासाघीस सुरू. एक हाडाचे डॉक्टर तर नागपूरच्या महाल बाजारात भाजी घेतल्यासारखे म्हणाले, "वैरागडे सर, थोडी कमी करा ना, आपलाच पोरगा आहे." मी म्हटलं, आपलाच आहे म्हणून कोथिंबीर देतो वरून, पी व्हॅल्यू नाही.

पण खरी डोकेदुखी पी व्हॅल्यूची नव्हती. ती त्याच्या आधीच सुरू व्हायची. आकडा दिसला की तो आकडाच असेल असं शिकल्यासवरल्या माणसालाही वाटतं. एका मुलानं पेशंटच्या राहण्याच्या जागेला नंबर दिले होते. महाल एक, कोराडी दोन, कळमेश्वर तीन. काँप्युटरला अक्षरांपेक्षा नंबर बरे पडतात, म्हणून तसं करतात, त्यात चूक नाही. पण या पठ्ठ्यानं त्यांची सरासरी काढली. आली एक पूर्णांक आठ. प्रबंधात लिहिलं, "राहण्याच्या ठिकाणाची सरासरी १.८." मी विचारलं, "म्हणजे तुझा पेशंट कोराडीच्या थोडा अलीकडे राहतो का? रस्त्यावर का नाल्यात?" तो बिचारा म्हणाला, "सर, काँप्युटरनं काढून दिलं." काँप्युटर काढूनच देतो हो. तो कशाला नाही म्हणतोय!

हे नंबर म्हणजे नुसती नावं, आकड्यांचा पहिला प्रकार. रक्तगट, गाव, धर्म, लग्न झालं का नाही. त्यांची मोजणी होते, सरासरी नाही. दुसरा प्रकार क्रमाचा. बरा, मध्यम, गंभीर. इथं कोण पुढे कोण मागे हे कळतं, पण किती पुढे ते कळत नाही. घरात मोठा, मधला, धाकटा म्हटलं म्हणून तिघांत सारखंच अंतर असतं का? तिसरा प्रकार थर्मामीटरचा. इथं अंतर सारखं असतं, पण शून्य खरं नसतं. मे महिन्यात नागपूर सेहेचाळीसवर गेलं आणि दुसरं कुठलं गाव तेवीसवर असलं, तर नागपूर दुप्पट गरम आहे असं शास्त्रानं म्हणता येत नाही. नागपूरकर म्हणेल, दुप्पट कसलं, चौपट आहे, या राहून पाहा. ते वेगळं. आणि चौथा प्रकार वजन, उंची असला. शून्य म्हणजे खरोखरच काही नाही, आणि चाळीस किलो हे वीसच्या दुप्पटच. मुलांना हे चार प्रकार मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवायचो आणि दर वर्षी ती परीक्षा झाली की विसरायची. मग दोन-तीन वर्षांनी प्रबंध घेऊन यायची, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. नोकरीचा अर्धा काळ असाच गेला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगतो. अजून ती मनातून जात नाही.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि हाडांत अशा कळा येतात की धडधाकट माणूस लोळण घेईल. मग दवाखान्यात आणायचं, सलाईन लावायची, दुखणं कमी करणारं औषध द्यायचं. हे सगळं लवकर झालं तर पेशंट संध्याकाळी घरी. उशीर झाला तर आठवडाभर वॉर्डात, आणि कधी कधी त्याहून वाईट. आमच्याकडे या रुग्णांसाठी एक वेगळी खोली होती. चार खाटा, एक सिस्टर, खिडकीत कूलर. ओपीडीची रांग नाही, केसपेपरची रांग नाही, थेट आत. पेशंट तिला "आपली खोली" म्हणायचे. "बाई, आपल्या खोलीत जागा आहे का?" असं सिस्टरला फोनवर विचारायचे.

या खोलीवर प्रबंध करत होती डॉक्टर प्राची. दारव्ह्याकडची मुलगी, तोंडाची फटकळ, कामाला वाघ. खोलीत आल्यावर आणि जाताना प्रत्येकाचं दुखणं किती ते विचारायचं, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. ही जगभर चालणारी पद्धत आहे. आकड्यासारखी दिसते, पण आहे क्रमाचीच. तुमचं सहा आणि माझं सहा एक नाही. तरी एकाच माणसाचं सकाळचं आणि संध्याकाळचं ताडून पाहता येतं, एवढा तिचा उपयोग.

तेवढ्यात दुसऱ्या एका विभागाचं मशीन आलं. लाकडी खोक्यांत, खोलीसमोरच्याच व्हरांड्यात आणून ठेवलं. त्याला जागा पाहिजे होती. अधीक्षक म्हणाले, येत्या सोमवारी बैठक घेऊ, खोलीचा खरंच उपयोग असेल तर आकडे दाखवा, खोली राहील. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही मागे दहा जण लागलेले असायचे.

प्राची आकडे घेऊन माझ्याकडे आली. मी बसवले. सकाळ आणि संध्याकाळ जवळजवळ सारखीच. फरक नाही.

"असं कसं होईन सर?" ती म्हणाली. "सकाळी उचलून आणलेल्या बाया संध्याकाळी आपल्या पायानं जाते. मी रोज पाहून राहिली ना!"

"तू पाहतेस ते कागदावर नाही आलं."

"मंग कागदात काही तरी लोचा आहे. चला सर, तुम्ही स्वतः चला खोलीत."

मला उठायचा कंटाळा. इतकी वर्षं मी दवाखान्यात होतो, पण पेशंट क्वचितच पाहिले. माझ्याकडे पेशंट यायचे ते तक्त्यातल्या ओळी होऊन. एका ओळीत एक माणूस. पण प्राचीनं माझी खुर्चीच मागे ओढली, तेव्हा गेलो.

संध्याकाळची वेळ. दाराजवळच्या खाटेवर एक बाई बसल्या होत्या, पायात चप्पल घातलेली, पिशवी मांडीवर. शोभाबाई. कळमेश्वरला एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला. नवरा बाहेर गाडी काढायला गेला होता. सकाळी आल्या तेव्हा नवऱ्यानं पाठीवर घेऊन आणलं होतं, हे सिस्टरनं सांगितलं. ही खोली होती म्हणून बाईंची नोकरी टिकली होती. दुखलं की एक दिवस इथं, दुसऱ्या दिवशी लाईनीवर हजर. आठवडा वॉर्डात काढला असता तर कंपनीनं केव्हाच घरी बसवलं असतं.

एक इंटर्न मुलगा फळीवर कागद लावून घाईत आला. "ताई, दहापैकी किती?"

"नऊ," शोभाबाई म्हणाल्या. चांगल्या हसून म्हणाल्या.

त्यानं नऊ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी शोभाबाईंच्या खाटेशी गेलो.

"नऊ?" मी विचारलं. "इतकं दुखते तर हसून काहून राहिल्या?"

"दुखून कुठं राहिलं साहेब? आता एकदम मस्त आहे. म्हणून तर नऊ देले." मग थोड्या लाजून म्हणाल्या, "मॅडम लई चांगल्या आहेत, सिस्टर चांगल्या आहेत. पण पुरे दहा कसे द्यावं? एक तर मास्तरही कापतेच ना."

"आणि सकाळी किती दिले होते?"

"सकाळी कायचे मार्क साहेब! जीव चालला होता. दोन देले असन."

अरे बाप्पा! माझ्या पायाखालची फरशी हलली म्हणा ना. दहापैकी किती, असं आपल्याकडे माणसाला आयुष्यात कोण विचारतं? मास्तर. आणि शाळेत दहा म्हणजे उत्तम, शून्य म्हणजे वाट लागली. बाईंनी तब्येतीला मार्क दिले होते. कागदावर प्रश्न पूर्ण छापलेला होता, "आत्ता दुखणं किती?" म्हणून. पण इंटर्न दर थोड्या दिवसांनी बदलतात. कोणी पूर्ण विचारायचा, कोणी गर्दीत नुसतं "दहापैकी किती?" एवढंच. मग कोणी दुखणं सांगायचा, कोणी मार्क द्यायचा. एकाचं वर चढायचं, दुसऱ्याचं खाली उतरायचं, आणि सरासरी मधल्यामधे बसून राहायची. तोच माझा "फरक नाही".

शोभाबाईंना आम्ही काही बोललो नाही. नवरा आला होता, आणि त्या इतक्या खुशीत होत्या. काय सांगायचं, बाई, तुमचं उत्तर उलटं गेलं? "सांभाळून जा" म्हटलं आणि बाहेर आलो.

व्हरांड्यात त्या खोक्यांशेजारी प्राची म्हणाली, "सर, सोप्पं आहे. उलटे करून टाकू. दहातून वजा."

"कोणाचे?"

"ज्याईनं मार्क देले त्याईचे."

"ते कोण कोण?"

"ज्याचं दुखणं संध्याकाळी वाढलेलं दिसते तो मार्क देणारा. साधी गोष्ट आहे."

साधी नव्हती. तसं केलं की सगळ्यांचं दुखणं कमीच झालेलं दिसणार. न दिसून जाईल कुठं? ज्याचं खरोखर वाढलं असेल त्याचंही उलटून आपण बरं करून टाकणार. उत्तर आधी ठरवायचं आणि मग आकडे त्याच्या मागे हाकायचे, याला माझ्या धंद्यात एकच शब्द आहे आणि तो दिवाळी अंकात छापत नाहीत. मी तिला म्हटलं, "हा सगळा रकाना टाकून द्यावा लागेल. एकही आकडा वापरता येत नाही."

"सर, तुमच्या नियमापायी खोली जाईन."

"माहीत आहे."

"तुम्हाले काहीच नाही वाटत का?"

वाटत होतं.  वाटतं ते सांगता येत नाही, घरीही हीच तक्रार आहे.

मी अधीक्षकांकडे गेलो, म्हटलं, काही महिने द्या, नीट विचारून परत आकडे घेतो. ते म्हणाले, "वैरागडे सर, खोकी व्हरांड्यात भिजायला लागली आहेत. वरून विचारणा आहे. सोमवारी जे असेल ते आणा." मग प्राचीनं आणि मी बसून साधे प्रश्न काढले, ज्यांना मार्क देताच येणार नाहीत. परत जाताना स्वतःच्या पायानं गेलात का? दुसऱ्या दिवशी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, उचलला का? कामावर गेलात का? उत्तर हो किंवा नाही. चार प्रकारांतला सगळ्यात गरीब, नुसत्या नावांचा प्रकार, पण खोटं बोलायला त्याच्यात जागा कमी. तिनं रविवारपर्यंत फोन करकरून जेवढे सापडले तेवढे पेशंट गाठले. घसा बसला पोरीचा.

सोमवारी बैठकीत तिनं बसलेल्या आवाजात सगळं मांडलं. बहुतेक जण हो म्हणाले होते. मला वाटलं, जमतंय. मग कोपऱ्यातल्या एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "खोली नसती तर यातले किती जण हो म्हणाले असते? तुलना कशाशी केली? आणि खोली वाचवायची आहे हे पेशंटना माहीत असताना ते नाही कशाला म्हणतील?"

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. अधीक्षक म्हणाले, "सर, तुम्ही सांगा. आकड्यांत खोलीचा उपयोग सिद्ध होतो का?"

त्या प्राध्यापकांचा प्रश्न बरोबर होता. हाच प्रश्न मी जन्मभर मुलांना विचारत आलो, त्यांना रडवलंही. माझ्या डोळ्यांसमोर शोभाबाई चप्पल घालून बसलेल्या होत्या, पण एक शोभाबाई म्हणजे सिद्धता नव्हे, हेही मीच शिकवलेलं. मी म्हणालो, "उपयोग आहे असं मला वाटतं. पण या आकड्यांत सिद्ध होत नाही."

वाटण्याला बैठकीच्या वृत्तांतात जागा नसते. खोली गेली. सिकलसेलच्या रुग्णांना जनरल वॉर्डाच्या टोकाला पडद्यामागे दोन खाटा मिळाल्या, आणि त्यांनी बाकीच्यांसारखं रांगेतून यावं असं ठरलं. प्राची बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस येऊन समोर बसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही बरोबर होते. त्याचाच राग येते." तिनं प्रबंध दुसऱ्या बाजूनं लिहिला, पास झाली, आता एका तालुक्याच्या दवाखान्यात आहे. तिथं तिनं दोन खाटा वेगळ्या काढल्या आहेत म्हणे, कोणाला न विचारता. मला फोनवर सांगते आणि वर म्हणते, सिद्ध करा म्हणू नका.

मला त्यानंतर एक सवय लागली. कोणी आकडे आणले की त्याला म्हणायचो, चल, तुम्ही प्रश्न कसा विचारता ते दाखव. आणि वॉर्डात जाऊन उभा राहायचो. पाय दुखायचे, पण जायचो.

निवृत्तीच्या थोडंसं आधी असाच दुपारी जनरल वॉर्डात गेलो होतो. टोकाचा पडदा अर्धा सरकलेला. आत शोभाबाई. सकाळपासून रांगेत होत्या, नुकतीच खाट मिळाली होती, सलाईन अजून लागायची होती. ओठ पांढरे. कामाचं विचारलं तर मान हलवली. कंपनीनं केव्हाच कामावरून काढलं होतं.

त्यांनी मला ओळखलं. "साहेब, आपली खोली काहून नेली?"

"मशीन आलं. जागा पाहिजे होती."

"मॅडम म्हणे, आकडे कमी पडले."

मी हो म्हणालो.

 एक कळ येऊन गेली तोवर त्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्या एक मार्क कापला होता. त्याच्यानं गेली का?"

"नाही वं माय," मी म्हटलं. "त्याच्यानं नाही. तुमच्यानं काहीच नाही झालं."  मी आणखीही बरंच सांगितलं, प्रश्न आमचाच चुकला, तुम्ही उत्तर बरोबर दिलं होतं. त्यांना त्यातलं किती पटलं कोण जाणे. मोठी माणसं समजूत काढताना असंच बोलतात, हे त्यांना ठाऊक असणार.

तेवढ्यात एक नवी इंटर्न पडदा सारून आत आली. फळी, कागद, पेन, आणि डोळे पुढच्या खाटेकडे लागलेले. "ताई, दहापैकी किती?"

मी तिला थांबवायला तोंड उघडलं. शोभाबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बोलू नका म्हणून. कॉटचा दांडा मुठीत घट्ट धरला, उसनं अवसान आणून चेहरा हसरा केला आणि म्हणाल्या, "दहा लिवा मॅडम. पुरे दहा."

मुलीनं दुखण्याच्या रकान्यात दहा लिहिलं आणि गेली. आकडा बरोबर होता.